डिस्चार्जच्या कागदावर आणखी एक तारीख हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचा आपल्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. बाळ काचेच्या पेटीतून आईच्या कुशीत आले, सगळे घरी गेले आणि लेख संपला. आमच्या घरात खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली, म्हणून हे पत्र.

मी ४० वर्षे शिवणकाम करते आहे. माझ्या लेकीचा मुलगा २९व्या आठवड्यात जन्मला, वजन १ किलो १८० ग्रॅम. ३७ आठवड्यांच्या आत जन्मले की बाळ मुदतपूर्व धरतात. हा तर चाळिसातले अकरा आठवडे बाकी ठेवून आला. पेटीत तो जसा पडला होता तसे पडलेले मूल मी कधी पाहिले नव्हते. हातपाय दोन्ही बाजूंना सैल पसरलेले, अंग चपटे. पूर्ण दिवसांचे मूल हातपाय पोटाशी घेऊन येते, कारण शेवटी शेवटी आईच्या पोटात जागा पुरत नाही आणि अंगाला मुडपून राहायची सवय लागते. याला ते दिवस मिळालेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आल्या. याला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, आणि त्या शब्दाने मी गोंधळले. एवढ्याशा जिवाचा कसला व्यवसाय? त्या म्हणाल्या, ‘‘आजी, झोपणे, चोखणे, गिळणे, हात तोंडापर्यंत नेणे, हेच सध्या त्याचे काम. ते त्याला जमावे म्हणून मी आलेय.’’ त्यांनी मऊ कापडाच्या वळकट्या करून बाळाभोवती घरट्यासारखी कड केली, गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हात छातीपाशी आणले. एक तळवा डोक्यावर आणि एक पावलांशी ठेवून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मॉनिटरवरचे धावते ठोके हळूहळू खाली आले. कापड किती घट्ट वळायचे हे मला हाताने कळते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून वळकट्या मी घरून करून नेऊ लागले.

बाळाची भाषाही त्यांनीच शिकवली. बोटे फाकली, सारख्या जांभया आल्या, उचकी लागली, पंजा तोंडासमोर आला, की त्याला आता पुरे झाले. तोवर जांभई म्हणजे झोप, एवढेच मला ठाऊक होते. चोखणे, गिळणे आणि श्वास यांचा मेळ ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. तोवर नळीनेच दूध. पुढे बाटली दिली तीही कुशीवर धरून. चार घोट झाले की बाटली कलती करायची, त्याला श्वास घेऊ द्यायचा, मग पुढचे चार. घाई केली की तो निळसर पडे.

लेक रोज कितीतरी तास त्याला उघड्या छातीशी धरून बसे. कांगारू पद्धतीने बाळ सांभाळायची ही रीत बोगोटा इथे १९७८ साली डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की ती जन्मानंतर लगेच सुरू करावी. ती नियमात आली, म्हणून आज नर्स स्वतः येऊन आठवण करतात. माझे गाऱ्हाणे जे नियमात आले नाही त्याविषयी आहे.

५६ दिवसांनी आम्ही घरी आलो. डिस्चार्जच्या कागदावर लसींच्या तारखा होत्या. डोळ्यांच्या तपासणीची तारीख होती. अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो, ती तारीख कुणी चुकू देत नाही. कानांच्या तपासणीची होती. थेरपीची नव्हती. पेटीजवळ रोज दिसणाऱ्या थेरपिस्ट घरी आल्यावर आमच्या आयुष्यातून पुसल्याच गेल्या.

सातव्या महिन्यात मला त्याची डावी मूठ खटकली. उजव्या हाताने तो खुळखुळा धरी, आईचे केस ओढी. डावा हात मात्र मिटलेला, अंगठा मुठीच्या आत. आम्ही डॉक्टरांना विचारले. उत्तर मिळाले, ‘‘सातमाशी मुले सगळे उशिरा करतात. थांबू.’’ शेजारीपाजारी, नात्यातले, सगळे तेच म्हणाले. त्यात तथ्य आहे. अशा मुलाचे वय जन्मतारखेवरून नव्हे, ज्या तारखेला त्याचे दिवस भरणार होते तिथून मोजायचे असते, साधारण दोन वर्षांचा होईपर्यंत. त्या हिशेबाने तो तेव्हा साडेचार महिन्यांचाच होता. पण उशीर असेल तर दोन्ही हातांना सारखा हवा. एकाच हाताला उशीर कसा? हे मला तेव्हा कळत होते, बोलायचे धाडस झाले नाही. आम्ही पाच महिने थांबलो.

वर्ष भरल्यावर लेकीने त्याच थेरपिस्टना शोधून काढले. त्यांनी पाच मिनिटे त्याला खेळताना पाहिले आणि सांगितले, वर्षाच्या आत मूल उजवे की डावे ठरवत नसते. ठरवलेले दिसले तर दुसऱ्या हाताकडे बघायचे. पुढे तपासण्या झाल्या, सेरेब्रल पाल्सीचे निदान झाले, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवरचा ताबा कमी पडणे. त्याच्या शरीराच्या डाव्या बाजूवर परिणाम. अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी २०१७ साली एकत्रितपणे मांडले आहे की याची लक्षणे दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजलेल्या वयाच्या पाच महिन्यांआधीही ओळखता येतात. पूर्वी निदानाला १२ ते २४ महिने जात. म्हणजे मला मूठ खटकली तेव्हा वेळ हातात होती. मेंदू सर्वांत झपाट्याने घडत असतानाचे पाच महिने आम्ही ‘थांबू’ या शब्दावर घालवले.

थेरपिस्टनी मला काम दिले: चांगल्या उजव्या हातासाठी मऊ पिशवीमोजा शिवायचा, म्हणजे डाव्याला खेळावे लागेल. जुन्या बनियनच्या कापडाचा शिवला, आणि आतला दोरा बोटाला गुंडाळू नये म्हणून शिवण बाहेरच्या बाजूला घेतली. रोज अर्धा तास, आठवड्यातले सहा दिवस, सहा आठवडे. मोजा घातला की तो आधी रडे. ‘‘हात ओढायचा नाही, मूठ सोडवायची नाही,’’ थेरपिस्टनी बजावले होते. कोपराखाली आधार द्यायचा, हलके खेळणे डाव्या हाताच्या अगदी जवळ ठेवायचे आणि वाट बघायची. नवव्या दिवशी अंगठा मुठीबाहेर आला. खुळखुळ्याच्या कडीला टेकला, घसरला, पुन्हा टेकला. लेक आणि मी श्वास रोखून बसलो होतो.

एक चूक माझ्या हातून झाली, तीही लिहिते, कारण ती घरोघर होते. लवकर चालावा म्हणून मी वॉकर आणला. त्यात तो डाव्या चवड्यावर ढकलत फिरू लागला, टाच टेकेनाच. थेरपिस्टनी तो बंद करायला लावला. वॉकर चालायला शिकवत नाही, आणि त्यातून मुलांना इतकी दुखापत होते की कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

आता तो साडेचार वर्षांचा आहे. डावा हात उजव्यासारखा झालेला नाही, होणारही नाही. पण सदऱ्याचे बटण लावताना डाव्या चिमटीत काजाची कड धरतो आणि उजव्याने बटण आत सरकवतो. वरचे बटण अजून जमत नाही, ते तो माझ्याकडून लावून घेतो.

सगळ्याच अपुऱ्या दिवसांच्या मुलांना थेरपी लागते असे माझे म्हणणे नाही. कितीतरी मुले आपोआप बरोबरीला येतात. पण कोणते येईल आणि कोणते नाही, हे आजी-आईने घरी बसून कसे ठरवायचे? डिस्चार्जच्या कागदावर लसीच्या तारखेशेजारी थेरपिस्टच्या पहिल्या तपासणीची तारीख छापा. जन्मतारखेखाली दिवस भरण्याची तारीखही लिहा, म्हणजे वय कुठून मोजायचे हे घरात सर्वांना कळेल. आणि डॉक्टरांना ‘थांबू’ म्हणायचे असेल तर किती दिवस थांबायचे आणि त्या दिवसांत काय पाहायचे, हेही सांगावे.

आपल्या पुरवणीत या विषयाचा पुढचा लेख येईल तेव्हा तो एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून लिहून घ्यावा, ही विनंती. मुठी, मान, एका बाजूचा कल, पाठीची कमान, या खुणा त्यांनी साध्या शब्दांत सांगाव्यात. तो लेख मी कापून मशीनच्या टेबलावर काचेखाली ठेवीन. माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या कितीतरी बायकांच्या कडेवर तान्ही मुले असतात.

आपली,
एक वाचक आजी