मेणबत्तीनंतरचे नऊ महिने

संपादक महोदय,

प्रजासत्ताक दिनाला आणि स्वातंत्र्यदिनाला झेंडावंदन झाले की महाविद्यालयाच्या सभागृहात देशभक्तिपर हिंदी चित्रपट लावायचा, ही पद्धत पुण्यात आता रुळली आहे. निवड बरेचदा 'रंग दे बसंती'वर येऊन थांबते. त्यातली महाविद्यालयीन मुले भगतसिंग आणि साथीदारांवरच्या माहितीपटात भूमिका करतात आणि वैमानिक मित्र गेल्यावर स्वतःच शस्त्र उचलतात. निवडीबद्दल तक्रार नाही. तो ज्या रीतीने दाखवला जातो, त्याबद्दल आहे.

अडीच तासांहून मोठा चित्रपट दीड तासात बसवण्यासाठी पूर्वार्ध कापला जातो. उरते ते शेवटचे: लाठीमार, मंत्र्याचा खून, आकाशवाणीवरचा कबुलीजबाब, टाळ्या. कोणताही देश मुळात परिपूर्ण नसतो, तो आपण घडवावा लागतो, हे पूर्वार्धात वैमानिक मित्र मोकळेपणी बोलून दाखवतो. तो प्रसंगच गाळला की उत्तरार्धातल्या गोळीला समोरून विचारणारे कोणी राहत नाही.

चित्रपटाच्या रचनेतही एक मोठी फट आहे आणि ती मुलांना दाखवलीच पाहिजे. मिग-२१ लढाऊ विमान कोसळते, खापर मेलेल्या वैमानिकावर फुटते, इंडिया गेटवर शांतपणे जमलेल्यांना पोलीस झोडपतात, आणि थेट पिस्तूल हातात येते. लाठी आणि पिस्तूल यांच्यामध्ये एकही कागद नाही. चौकशी अहवाल कोणी मागत नाही, कोर्टाची पायरी कोणी चढत नाही. चित्रपट आला २६ जानेवारी २००६ रोजी. माहिती अधिकार कायदा लागू होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते आणि त्याखालचा देशातला पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात दाखल झाला होता. पटकथा त्याआधीची, म्हणून लेखकांना दोष देण्यात अर्थ नाही. आज तो दाखवणाऱ्यांना मात्र ही सबब चालणार नाही.

चित्रपट गाजत असतानाच, २१ फेब्रुवारी २००६ रोजी, दिल्लीतल्या मॉडेल जेसिका लाल यांच्या खून खटल्यातले आरोपी सुटले. लोक मेणबत्त्या घेऊन इंडिया गेटवर जमले. पडद्यावरून रस्त्यावर आलेल्या त्या दृश्याचा उल्लेख प्रत्येक चर्चेत होतो. पुढचे कोणी सांगत नाही. मार्चमध्ये दिल्ली पोलिसांनी उच्च न्यायालयात अपील केले, पुरावा नव्याने तपासला गेला आणि १८ डिसेंबरला मुख्य आरोपी दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१० मध्ये कायम केले. मेणबत्त्यांनी दबाव आणला हे खरेच. पण निकाल फिरला तो त्या नऊ महिन्यांत, अपिलाच्या कागदांवर.

ज्या क्रांतिकारकांचे बोट धरून हा चित्रपट चालतो, त्यांचेही तसेच. राजगुरूंचे खेड पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, आणि त्यांना १९२९ साली पकडले तेही पुण्यात. पडद्यावर ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवरच्या गोळ्या आणि फास ठळक दिसतो. त्या दोहोंच्या मधली लाहोर तुरुंगातली लढाई होती राजकीय कैद्यांना नीट अन्न, पुस्तके आणि वर्तमानपत्रे मिळण्यासाठी. त्याच लढाईत सहकैदी जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले. पुढच्याच महिन्यात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी पंजाबच्या विद्यार्थी परिषदेला निरोप धाडला, की आज आम्ही तरुणांना पिस्तुले-बॉम्ब हाती घ्या असे सांगू शकत नाही, कारखान्यांच्या वस्त्यांत आणि खेड्यांत जा. चित्रपटाआधी हा निरोप वाचून दाखवायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

हिंदी चित्रपटाला काम दाखवता येत नाही असेही नाही. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेल्या 'स्वदेस'मध्ये (२००४) वीज येते ती गावकऱ्यांनी खणून, पाणी अडवून. तिकीटबारीवर तो कमी चालला. सभागृहात तरी त्याला जागा द्या.

आता येत्या २६ जानेवारीसाठी. चित्रपट पूर्ण दाखवा, मध्यंतरासह साडेतीन तास धरा. प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळीच असतील तर कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शैक्षणिक संस्थेला मुभा देते. बाहेरच्यांना तिकीट लावून बोलावले की ती संपते. लाठीमाराच्या दृश्यानंतर थांबवा आणि एकच प्रश्न विचारा: उद्या सकाळी ही मुले कोणत्या कार्यालयात जाऊ शकली असती? याच ठिकाणी जमावबंदीचेही सांगावे. आदेश मोडला तर पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम १८८, आता भारतीय न्याय संहितेचे २२३, लागू शकते आणि तो गुन्हा पासपोर्टच्या वा सरकारी नोकरीच्या पडताळणीत समोर येतो. मोर्चा काढूच नये असे नाही. पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन काढावा.

चित्रपट संपला की तिथेच माहिती अधिकाराचा अर्ज लिहून घ्या. विषय जवळचा असावा, समजा महाविद्यालयासमोरचा उखडलेला पदपथ. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द बसतात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मुलांचे अर्ज बहुधा "काम निकृष्ट का झाले?" या वाक्यावर अडतात, कारण कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, खुलासा किंवा मत देत नाही. मागायचे ते वर्क ऑर्डर, झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या मोजमाप पुस्तिकेची प्रत, अदा केलेली बिले आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची ठेकेदारावरची जबाबदारी, कधी संपतो ती तारीख. मुदत शिल्लक असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घेता येते, आणि ही तारीख हाती असणे दहा घोषणांपेक्षा कामाचे. उत्तराला ३० दिवस. आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्यावर २० रुपयांचा स्टॅम्प. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस मिळतात. बहुतेक अर्ज मरतात ते पहिल्या अपिलाच्या मुदतीत, कारण तेव्हा परीक्षा आलेली असते. म्हणून तारखा सूचनाफलकावर लावाव्यात आणि जबाबदारी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे द्यावी, तिसऱ्याची निघून जातात.

अर्ज कधीही एकाच मुलाच्या नावावर ठेवू नये. जमीन गैरव्यवहार उघड करणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाड्यात खून झाला. धोक्याबद्दल चित्रपट खोटे बोलत नाही. त्याच विषयावर चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज केले तर एकाला गाठून काम थांबवता येत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचे असते. या अर्जांचा पाठपुरावा, फायलींची पाहणी आणि अपिलाची सुनावणी त्या तासांत धरावी, असे परिपत्रक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने जानेवारीपूर्वी काढावे, ही आमची विनंती आहे.

– महाविद्यालयीन चित्रपट मंडळांबरोबर काम करणारे काही कार्यकर्ते, पुणे