घरच्या सर्व्हरचे दुखणे

संपादक महोदय,

चवथीच्या आरत्या, सप्ताहातली भजने, जत्रेतली नाटके यांची घरगुती चित्रणे जुन्या संगणकात भरून ‘जेलिफिन’ या प्रोग्राममधून टीव्हीवर पाहता येतात, तीही फुकट. पण चित्र अडखळले की सगळा राग इंटरनेटवर निघतो. हा जुना संगणक म्हणजेच घरचा सर्व्हर; त्याच्यावरून घरच्याच टीव्हीवर पाहताना इंटरनेटचा संबंध येतोच कुठे?

आधी जेलिफिनचा डॅशबोर्ड, म्हणजे सर्व्हरवर काय चालले आहे ते दाखवणारे पान, उघडावा. चालू व्हिडिओपाशी ‘ट्रान्सकोडिंग’ दिसले, तर टीव्हीला न पेलणारी फाईल सर्व्हर चालता चालता बदलून देतो आहे आणि त्यात प्रोसेसरची दमछाक होते आहे. कारणही तिथेच कळते: बहुधा एचईव्हीसी या जास्त दाबून साठवण्याच्या पद्धतीतला व्हिडिओ, नाहीतर चित्ररूपातली सबटायटल्स. सबटायटल्स बंद करून पाहावीत. अंगभूत ग्राफिक्सचा, सातव्या पिढीचा किंवा नवा इंटेल प्रोसेसर असेल तर सेटिंगमध्ये ‘क्विक सिंक’ निवडावे, म्हणजे फाईल बदलण्याचे काम ग्राफिक्सचा भाग करतो. लिनक्सवर त्याआधी जेलिफिनचा युजर ग्राफिक्स वापरायची मुभा असलेल्या ‘रेंडर’ ग्रुपमध्ये घालून सेवा पुन्हा सुरू करावी लागते. नेमकी हीच पायरी राहून जाते आणि लोक नवा संगणक घ्यायला निघतात.

वीज जाऊन आल्यावर लायब्ररी रिकामी दिसली तर घाईने पुन्हा फाईली भरू नयेत. यूएसबी डिस्क जोडलीच गेली नसेल, तर त्या फाईली मूळ डिस्कवर जातात आणि तीच भरते. लिनक्सने डिस्कला दिलेले नाव बदलू शकते, कालची ‘एसडीए’ आज ‘एसडीबी’ होऊ शकते, म्हणून ‘एफस्टॅब’ या डिस्क जोडण्याच्या यादीत डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, नोंदवावी, सोबत ‘नोफेल’ लिहावे. मग डिस्क नसली तरी संगणक सुरू होताना अडत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात यूपीएस हवाच. पण तो नुसता जोडून भागत नाही. त्याची यूएसबी वायर सर्व्हरला लावून ‘नट’सारखा यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम बसवला, तरच बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर रीतसर बंद होतो. गडगडाट सुरू होण्याआधीच मात्र प्लग काढावा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. डिशच्या आणि माडीवर नेलेल्या लॅनच्या तांब्याच्या केबलीतून येते. त्याही काढाव्यात.

परदेशातल्या मुलांना आरती दाखवायची असेल, तर राउटरमधला वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून सर्व्हरकडे वळवणे) कितीही नीट केले तरी चालणार नाही. सर्व्हरवर आणि मुलांच्या फोनवर टेलस्केल हा दोघांना खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्राम बसवावा. पत्ता स्वतंत्र मिळाला तरी जेलिफिनचा ८०९६ पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नये.

एक वाचक, फोंडा