उद्योगकेंद्रातील बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

बाबा गेल्यापासून आई उंबऱ्याबाहेर पडली की बौद्धिक अक्षमता असलेला माझा दादा कासावीस होई, दारापाशी बसून राही आणि ती परतेपर्यंत घास घेत नसे. ‘अशा मुलांचे असेच असते’ यापलीकडे आम्हाला कोणी काही सांगत नव्हते. (दादा चाळिशीला आला आहे, तरी लोकांच्या लेखी तो मूलच.) ही भीती बौद्धिक अक्षमतेचा भाग नसून वेगळी आहे आणि ती कमी करता येते, असे प्रथम आपण सांगितलेत, म्हणून हे जाहीर आभार. जवळचे माणूस दूर जाण्याच्या अशा चिंतेचे निदान करायचे तर तिची सुरुवात अठराव्या वर्षाआधीच झालेली असावी, ही अट अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतूनही 2013 मध्ये गेली, हे मला आपल्याकडूनच कळले.

दुखणे शब्दांत सांगता न येणाऱ्या माणसाची वेदना वागण्यातून बाहेर पडते, म्हणून आपण आधी त्याचे दात, कान आणि पोट तपासून घ्यायला लावलेत. त्याची नजर चुकवून निघावे, हा शेजारपाजारचा सल्ला मात्र आपण ठामपणे खोडून काढलात. बाबा रुग्णालयात गेले ते परतलेच नाहीत. त्यात आईही न सांगता दिसेनाशी होऊ लागली, तर तो तिच्यावर अधिकच पाळत ठेवील, हे आपले म्हणणे तंतोतंत खरे होते.

घड्याळ कळत नसले तरी दिवसाचा क्रम त्याला पक्का ठाऊक असतो, हे हेरून आपण छायाचित्रांची पट्टी करून दिलीत: आईची पिशवी, फायली चिकटवण्याचे काम, डबा, चहा आणि दारात उभी आई. एकेक गोष्ट झाली की तो ते चित्र उलटे करतो. आई आधी जिन्यापर्यंत, मग वाण्याकडे, मग बँकेत जाऊ लागली. निघताना एकच ठरलेले वाक्य बोलायचे आणि चहाच्या वेळेला यायचेच, हा आपला दंडक होता. खरे सांगायचे तर आईला न रडता निघायला शिकवणे अधिक अवघड गेले, आणि तेही आपणच केलेत.

आता दादा माझ्याकडे मुक्कामाला राहतो. बौद्धिक अक्षमता आणि तशाच इतर अपंगत्व असलेल्यांसाठीच्या राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 या कायद्याखाली त्याचे कायदेशीर पालकत्व माझ्याकडे यावे, यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे आम्ही अर्ज केला आहे. आईने त्यावर निःशंक मनाने सही केली, ती आपल्यामुळे.

आपली कृतज्ञ,
दादाची धाकटी बहीण