मॅडम, तो आवाज माझाच होता

मॅडम नमस्कार. तुमचं नाव टाकत नाही अन् माझंही नाही, आपल्या भागात एवढ्यातेवढ्यावरून माणूस ओळखू येते. मंगळवारच्या तुमच्या मानसोपचाराच्या ओपीडीत आईच्या मागं मागं येणारा, खाली मान घालून बसणारा यवतमाळकडचा पोट्टा, एवढं म्हटलं की तुमाले आठवेल.

पऱ्हाटीच्या फवारणीत सुरू झालं. पाठीवर पंप, अन् मागून कोणीतरी म्हणे, "चोर हायेस तू." वळून पाहिलं तर धुऱ्यावर चिटपाखरू नाही. मग रात्री, मग जेवताना, मग दिवसभर. आई म्हणे फवारा चढला याले, अन् तिचं चुकलं नाही, 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत. काका म्हणे बाहेरचं हाय. मग भगत, दोन कोंबडे, नऊ हजार रुपये, ते जाऊ द्या.

मला खरं भेव वेगळंच होतं. त्या आवाजाला माझं सगळं माहीत होतं. बाबांच्या बंडीच्या खिशातून मी एकदा पाचशे काढले होते, कोणाले सांगितलं नव्हतं, अन् तो नेमकं तेच काढे. शिव्या दे तर त्याही आमच्याच गावच्या. भूत असतं तर ते कुठूनतरी बाहेरून आलं असतं ना, हे काय आमच्याच वेटाळातलं?

हे तुमच्यासमोर बोललो तेव्हा तुम्ही हसल्या नाहीत, "असं काही नसते" पण म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्या पाचशेचं कोणाले माहीत होतं?" मी म्हटलं, फक्त मले. अन् तुम्ही गप्प बसून माझ्याकडं पाहत राहिल्या.

मग तुम्ही ते गुदगुल्यांचं सांगितलं. स्वतःच स्वतःला गुदगुल्या केल्या तर फारशा होत नाहीत, कारण हात हलवायचा हुकूम देणाऱ्या मेंदूला आधीच माहीत असते काय होणार ते. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर अन् त्यांच्या सोबतच्यांनी 2000 साली दाखवलं की ज्यांना आवाज ऐकू येतात त्या पेशंटना स्वतःचा स्पर्श अन् दुसऱ्याचा स्पर्श जवळजवळ सारखाच लागतो. आई बाजूला बसून तळहातावर बोट फिरवून पाहत होती, आठवते?

बोलण्याचं तसंच, तुम्ही म्हणाल्या. मेंदू तोंडाला हुकूम सोडते अन् त्याची एक झेरॉक्स कानाच्या भागाला पाठवते, की येणारा आवाज घरचाच आहे, दचकू नको. मग तो भाग आपला आवाज दाबून ऐकते. डोक्याला वायरी लावून ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला तर बोलणं सुरू झाल्यावर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास हे दाबणं दिसते, अन् अमेरिकेत ज्युडिथ फोर्ड यांच्या टीमनं मोजलं तर स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे असे आवाज ऐकू येऊ शकतात त्या आजाराच्या, पेशंटमध्ये ते कमी निघालं. मी घरी जाऊन बाबांना माझ्या भाषेत सांगितलं, ग्रामपंचायतीच्या शिपायानं झेरॉक्स पोचवलीच नाही, म्हणून तलाठी बोंबलून रायला हा कागद कोणाचा म्हणून. बाबाले बरोबर समजलं. मनातल्या मनात बोलतो तेव्हाही हीच झेरॉक्स हुकत असावी, असं फाइनबर्ग नावाच्या डॉक्टरनं 1978 मध्येच मांडलं होतं, पण तो अजून अंदाजच आहे अन् ईईजी पाहून कोणाला हा आजार आहे की नाही सांगता येत नाही, हेही तुम्ही लपवलं नाही. म्हणून तर विश्वास बसला. भगत कधी म्हणाला का मला नक्की माहीत नाही म्हणून?

समजल्यानं आवाज थांबला नाही, खोटं काहून बोलू. तो गोळीनं दबला, हळूहळू, अन् गोळीनं झोप एवढी येते की सकाळी बैलांना ढेप टाकायला उठवत नाही, पुढच्या वेळी त्याचं बोलू. आता कधीमधी पुटपुटते, तेव्हा तुम्ही सांगितलं तसं तोंडातल्या तोंडात गुणगुणतो, खंजिरी भजनाची चाल धरतो, अन् ते फिकं पडते. सगळ्यांनाच हे चालत नाही म्हणे, मला चालते.

अन् एक राहिलं. गोळ्या सुरू होऊन दोनेक महिने झाल्यावर मी बाबांजवळ जाऊन पाचशेचं सांगून टाकलं, हात थरथरत होते. बाबा बिडी विझवत म्हणाले, "मले तवाच माहीत होतं बे."

त्या रात्री मी लय हसलो मॅडम, अन् आई घाबरून उठली की आता हे काय नवीन.

आईनं नव्या तुरीची डाळ बांधून ठेवली आहे तुमच्यासाठी, नाही म्हणू नका, येत्या मंगळवारी आणतो. गोळ्या पण संपतच आल्या आहेत.