अण्णा, पेटी कुणाला देऊ नका

बझांसों, फ्रान्स
28 सप्टेंबर 2025

ती. अण्णा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

आईने परवा फोनवर सांगितलं की दिवाळीनंतर दुकानाचा गाळा सोडायचं नक्की झालं, आणि हत्यारांची पेटीही तुम्ही कुणाला तरी देऊन टाकणार आहात. तुम्ही शेजारीच बसला होतात, पण फोन घेतला नाहीत. म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही हे एक, आणि मला जे सांगायचंय त्याला चित्र लागतं हे दुसरं. चित्र शेवटच्या पानावर काढलंय. आधी पत्र वाचा. चित्र आधी बघितलंत तर तुम्ही तिथेच अडकून बसाल हे मला माहीत आहे.

गाळ्याचं मी काही म्हणत नाही. भाडं वाढलंय, पायऱ्या चढताना तुमचे गुडघे दुखतात, आणि दिवसभरात चार गिऱ्हाइकं सेल बदलायला येणार, त्यासाठी सकाळी नऊपासून बसायचं. तो निर्णय तुमचा. पेटीचं मात्र म्हणायचंय, आणि ते एका घड्याळाच्या गोष्टीतूनच सांगता येईल.

माझ्या प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक म्हातारे घड्याळजी राहतात. दुकान केव्हाच बंद झालंय, पण घराच्या खिडकीशी टेबल आहे आणि डोळ्याला भिंग लावून ते रोज सकाळी तिथे बसलेले दिसतात. तुमच्यासारखेच, मान डावीकडे कललेली. वर्षभर मी नुसती बघत जायची. गेल्या महिन्यात हिंमत करून दार वाजवलं आणि माझे वडील हेच काम करतात असं सांगितलं. त्यांनी आधी माझे हात बघितले, मग खुर्ची दिली. तरुणपणी ते लिपच्या कारखान्यात होते.

लिप हे नाव तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, कारण ही घड्याळं आपल्याकडे फारशी आली नाहीत. इथे मात्र ते घरातल्या माणसाचं नाव असल्यासारखं घेतात. बझांसों हे फ्रान्समधलं घड्याळांचं गाव. 1793 मध्ये स्वित्झर्लंडहून कारागीर इथे येऊन वसले आणि त्यांच्याबरोबर हा धंदा आला. दू नदी जुन्या गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घालते, उरलेल्या बाजूला डोंगर आणि त्यावर किल्ला. पावसाळी दिवशी पुलावर उभी राहिले की मला आपल्या कराडचा प्रीतिसंगम आठवतो, जरी इथे नदी एकच आहे. एमान्युएल लिपमान नावाच्या माणसाने 1867 मध्ये इथे घड्याळांची पेढी काढली. लिप हा त्याच्याच आडनावाचा तुकडा.

तर त्या दिवशी आजोबांच्या टेबलावर (मी त्यांना आजोबाच म्हणते, त्यांना अर्थ सांगितला तेव्हा आवडलं) एक घड्याळ उघडून ठेवलेलं होतं. तबकडीवर 'लिप' आणि खाली 'इलेक्ट्रॉनिक'. मला वाटलं, नेहमीचं सेलवरचं क्वार्ट्झ असेल. त्यांनी काही न बोलता भिंग माझ्याकडे सरकवलं. बघते तर आत बॅलन्स व्हील, ते मागे-पुढे डोलणारं चाक, फिरतंय! त्याची बारीक स्प्रिंग, बालकमान, उघडतेय, मिटतेय. लहानपणी तुमच्या मांडीवर बसून पहिल्यांदा चावीचं एचएमटी जनता उघडलेलं बघितलं होतं, अगदी तसंच. फक्त चावी देऊन गुंडाळायची मेन स्प्रिंग कुठेच नाही. तिच्याऐवजी तांब्याच्या केसासारख्या तारेची वेटोळी, आणि दोन छोटे सेल.

हे लिपचं आर-27. आणि आजोबा म्हणाले, हे द गॉल यांचं घड्याळ.

म्हणजे टेबलावरचं नव्हे, या जातीचं. 1958 च्या शेवटी ते बाजारात आलं. त्याच वर्षी जनरल शार्ल द गॉल पुन्हा सत्तेवर आले होते, ऑक्टोबरात देशाला नवीन राज्यघटना मिळाली होती आणि जानेवारी 1959 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. पहिल्या घड्याळांपैकी एक त्यांना देण्यात आलं, एक अमेरिकेचे आयझेनहॉवर यांना. लिपची ही रीतच होती, दहा वर्षं आधी चर्चिलनाही लिपचं घड्याळ गेलं होतं, ते मात्र चावीचं. द गॉल यांचं नाव या घड्याळाला असं चिकटलं की आजही इथल्या दुकानांत 'जनरल द गॉल' नावाचं लिप विकायला असतं. त्यांचे चिरंजीव ॲडमिरल फिलिप गेल्या वर्षी वारले, एकशे दोन वर्षांचे होऊन. त्यांच्याकडे राहिलेल्या वडिलांच्या वस्तूंचा डिसेंबर 2024 मध्ये पॅरिसला लिलाव झाला. त्यात जनरलचं सोन्याचं लिप घड्याळही होतं, आणि ते पाच लाख युरोंच्या वर गेलं. आपल्या पैशात किती होतात ते आईला सांगू नका, ती आकडा ऐकून माझ्यासाठी नवस बोलेल.

पण अण्णा, मला त्या रकमेपेक्षा आतलं यंत्र तुम्हाला दाखवायचंय.

आपल्या चावीच्या घड्याळात जोर कुठून कुठे जातो हे तुम्हीच मला काडेपेटीच्या काड्या मांडून शिकवलंत. मेन स्प्रिंग उलगडते, जोर एकामागून एक चाकांतून शेवटच्या दातेरी चाकापर्यंत, एस्केप व्हीलपर्यंत येतो, त्याच्या दात्यांत अडकणारा पॅलेट बॅलन्सला हलकासा टोला देतो, आणि बॅलन्स बालकमानीवर डोलत वेळ मोजतो. बॅलन्स नेहमी शेवटी. या घड्याळात सगळा प्रवास उलटा आहे. बॅलन्स सर्वात आधी. प्रत्येक झोक्याला एक बारीक कॉन्टॅक्ट क्षणभर जुळतो, वेटोळ्यातून वीज जाते, चुंबक तयार होतं आणि बॅलन्सला ओढ देतं. कॉन्टॅक्ट सुटला की ओढ संपली, बॅलन्स आपल्या वेगाने पुढे जातो, बालकमान त्याला परत आणते. आणि हाच बॅलन्स पुढची चाकं एकेक दाता ढकलत काट्यांपर्यंत नेतो. म्हणजे जो आजवर नुसता मोजत होता, त्यालाच गाडीही ओढायला लावली.

तुम्ही लगेच विचाराल, कॉन्टॅक्ट टिकतो का? हाच प्रश्न मी विचारला, आणि आजोबांनी टेबलावर थाप मारली, इतके खूश झाले. वेटोळ्यातली वीज तोडताना ठिणगी उडते. दिवसातून लाखो वेळा. ठिणगीने कॉन्टॅक्टचा पृष्ठभाग जळतो, खड्डे पडतात, मग घड्याळ आधी मागे पडतं आणि एक दिवस थांबतं. लिपच्या लोकांनी त्यासाठी एक इवलासा डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, बसवला, तो ठिणगी गिळून टाकतो. त्या एका डायोडच्या जोरावर तबकडीवर 'इलेक्ट्रॉनिक' लिहिलं. मला आधी हे जरा जास्तच वाटलं. पण त्या काळी मनगटावर मावेल असं काही इलेक्ट्रॉनिक सामान्य माणसाच्या हाती कुठे आलं होतं? मला तो अभिमान पटला.

इथवर यायला त्यांना बरीच वर्षं लागली होती. मार्च 1952 मध्ये लिपने आणि अमेरिकेतल्या एल्जिन कंपनीने एकाच वेळी जाहीर केलं की विजेचं मनगटी घड्याळ जमलंय. लिपचा मालक फ्रेड लिप मोठा हौशी आणि हट्टी माणूस. पण जमला होता तो नमुना. सेल पुरेसा लहान हवा, तो गळायला नको, कॉन्टॅक्ट टिकायला हवा, आणि हे सगळं हजारोंनी बनवता यायला हवं. तेवढ्यात अमेरिकेच्याच हॅमिल्टनने जानेवारी 1957 मध्ये आपलं विजेचं घड्याळ विकायला काढलं आणि पहिला मान त्यांना मिळाला. आजोबांना ते अजून लागतं. मी विषय बदलला.

मग जे झालं ते तुम्ही स्वतः भोगलंय. डिसेंबर 1969 मध्ये सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आणलं. त्यात बॅलन्सही नाही, बालकमानही नाही, नुसता थरथरणारा स्फटिक. विजेच्या बॅलन्सचा जमाना उण्यापुऱ्या पंधरा वर्षांत आटोपला. पण एक लक्षात घ्या. आर-27 चा सेकंदकाटा क्वार्ट्झसारखा टुक टुक थांबत जात नाही, आपल्या जनतासारखा झरझर सरकतो. कानाशी धरलं तर टिकटिक ऐकू येते. तुम्ही दुकानात म्हणायचात ना, सेलच्या घड्याळात माझ्यासाठी काही ठेवलेलंच नाही? या सेलच्या घड्याळात ठेवलंय. निम्मं यंत्र तुमच्या हाताला डोळे मिटून कळेल.

लिपची पुढची गोष्ट काकांना वाचून दाखवा. सत्तरच्या दशकात कारखाना डबघाईला आला, स्विस भागीदार तुकडे पाडायच्या बेतात होते. जून 1973 मध्ये कामगारांना कपातीचे कागद सापडले. त्यांनी काय केलं असेल? पंचवीसेक हजार घड्याळं कारखान्यातून हलवून लपवून ठेवली, आणि 18 जूनला सभा घेऊन ठरवलं की घड्याळं आपणच बनवायची, आपणच विकायची, आपला पगार आपणच काढायचा. 1940 मध्ये द गॉल यांनी लंडनच्या रेडिओवरून फ्रान्सला लढत राहा म्हणून हाक दिली तीही 18 जूनलाच. इथल्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. ऑगस्टमध्ये पोलिसांनी कारखाना ताब्यात घेतला तर यांनी दुसरीकडे टेबलं मांडली. सप्टेंबरच्या शेवटी भर पावसात एक लाख माणसं या गावात मोर्चाला आली. शार्ल पियाजे हे त्यांचे पुढारी, कारखान्यातलेच मेकॅनिक. ते दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा आजोबा चार दिवस टेबलावर बसले नाहीत.

मी त्यांना काकांचं सांगितलं. 1982 चा संप, अडीच लाख गिरणी कामगार, आणि परळची खोली सोडून ट्रंक घेऊन कराडला परत आलेले काका. आजोबांनी विचारलं, तुमच्या काकांनी कापड का नाही लपवलं? मला उत्तर देता आलं नाही. घड्याळ खिशात मावतं, मागावरचं कापड मावत नाही, एवढंच सुचलं. काकांना विचारा, ते काय म्हणतात.

आता मुद्द्यावर येते. त्या कारखान्यातले कॉन्टॅक्ट जुळवणारे हात आता फार थोडे उरलेत. लोकांच्या कपाटांत आर-27 पडून आहेत, आजोबांचं, वडिलांचं म्हणून जपलेली. दुरुस्त करायला माणूस मिळत नाही. आजोबांकडे पाच घड्याळं रांगेत आहेत आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागलाय. बॅलन्स बसवताना त्यांनी परवा चिमटा माझ्या हातात दिला. माझा हात स्थिर होता, अण्णा. सातवीच्या सुट्टीत तुम्ही मला तांदळाचे दाणे चिमट्याने एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावायचात, तेव्हा मी रडायचे. तोच हात.

मी दर शनिवारी त्यांच्याकडे जायचं ठरवलंय. म्हणून पेटी देऊ नका. पत्र पोचेपर्यंत दसरा झालेला असेल, तुम्ही चिमटे, भिंग, स्क्रू-ड्रायव्हर धुऊनपुसून पूजेला मांडले असतील. ते परत पेटीत ठेवा आणि पेटी माझ्या कपाटात ठेवा. जानेवारीत मी येतेय, तेव्हा घेऊन जाईन. तळातल्या कप्प्यातली बॅलन्स स्टाफची, म्हणजे बॅलन्सच्या आसांची डबी विसरू नका, आणि न्यायला कुणी न आलेलं ते पांढऱ्या तबकडीचं जनता मला हवंय. आजोबांना उघडून बघायचंय.

त्यांचा तुम्हाला एक प्रश्नही आहे. एचएमटीची बालकमान गुंतली की तुम्ही ती बाहेर न काढता सरळ करता असं मी सांगितलं, त्यांचा विश्वास बसत नाही. कसं करता ते सविस्तर लिहा, चिमट्याची टोकं कुठे धरायची ते चित्र काढून दाखवा. मी फ्रेंचमध्ये करून त्यांना वाचून दाखवेन.

आई, मेतकूट संपलंय. जानेवारीत दोन किलो लागेल, एक किलो आजोबांच्या बायकोला द्यायचंय. त्या गरम भाताबरोबर खातात आता.

तुमची लेक