संशोधनाला विषयागणिक वेगळे नियम हवेत : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना नागपुरातून खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : राज्य विद्यापीठांतील संशोधनाचे मूल्यमापन, निधी आणि खरेदी यांचे नियम विषयानुसार ठरवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने आपण दरवर्षी नागपुरात येता. संशोधनाची इतकी वेगवेगळी केंद्रे एकत्र असलेली शहरे राज्यात थोडी आहेत. १९२३ साली स्थापन झालेले विद्यापीठ, नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), व्हीएनआयटी आणि एलआयटी या तंत्रशिक्षण संस्था, कापसाची, संत्र्याची आणि मातीची राष्ट्रीय संशोधन केंद्रे, शासकीय चित्रकला महाविद्यालय, विदर्भ अभिलेखागार आणि हाकेच्या अंतरावर रामटेकचे संस्कृत विद्यापीठ. आम्ही येथे मानव्यविद्या, अभिकल्प (डिझाइन) आणि विज्ञान या शाखांत संशोधन व मार्गदर्शन करतो. आमचे म्हणणे एकच आहे. या साऱ्या शाखांचे काम एकाच नमुन्याच्या अर्जात, एकाच मुदतीत आणि एकाच खरेदी-नियमात कोंबले जाते आणि त्यामुळे चांगले काम अर्धवट राहते.

फ्लोराइडचे उदाहरण घेऊ. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात ते आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात १.० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकार्य मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम नमुना घेण्यापासून सुरू होते. बाटली प्लॅस्टिकची हवी, काचेची चालत नाही. फ्लोराइडच्या इलेक्ट्रोडने मोजताना टिसॅब नावाचे बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण, मिसळावे लागते. पाण्यातले ॲल्युमिनियम आणि लोह फ्लोराइडला धरून ठेवतात, बफर त्याला मोकळे करते आणि पीएच ५ ते ५.५ च्या आसपास ठेवते. ते न घालता घेतलेला आकडा खरा असतो त्याहून कमी येतो, आणि दूषित हातपंप कागदावर निर्दोष ठरतो. शिवाय एकदाच मोजून भागत नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, असे दोनदा तरी मोजावे लागते.

यावरचा उपायही याच शहरातून निघाला. नीरीने सत्तरच्या दशकात विकसित केलेली नलगोंडा पद्धत देशभर शिकवली जाते. पाण्यात तुरटी, तुरटीच्या साधारण विसाव्या हिश्शाइतका चुना आणि निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचिंग पावडर घालायची, दहा मिनिटे हळूहळू ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी बादलीच्या तोटीतून काढायचे. तोटी तळापासून थोडी वर बसवलेली असते, म्हणजे गाळ खाली राहतो. पद्धत स्वस्त आहे, वीज लागत नाही. तरीही घरोघरी ती टिकवणे अवघड जाते. तुरटीची मात्रा पाण्यातील फ्लोराइड आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता) या दोन्हींवर ठरते, म्हणून शेजारच्या दोन हातपंपांची मात्रा वेगळी असू शकते. मात्रा चुकली तर फ्लोराइड तरी उरते, नाहीतर ॲल्युमिनियम तरी वाढते (त्याची कमाल मर्यादा ०.२ मिलिग्रॅम आहे). रोजचा गाळ कुठे टाकायचा, हा प्रश्न वेगळाच.

येथून पुढचे काम रसायनशास्त्राचे उरत नाही. निंदणीला सकाळीच निघणाऱ्या बाईला ढवळायला दहा मिनिटे आणि थांबायला तासभर कधी मिळतो, पाणी कोण भरते, चव बदलली तर मुले पितात का, हातपंप कोणत्या वस्तीत आहे आणि तेथे कोणाला सहज जाता येते, हे समाजशास्त्राने शोधायचे. मात्रा न मोजता बरोबर पडेल असे माप, न तुंबणारी तोटी, एका हाताने रिकामा होणारा गाळाचा कप्पा, हे अभिकल्पकाने करायचे. या तिन्ही विषयांचे विद्यार्थी एकाच गावावर एकत्र काम करू लागले की आमच्या अर्जाच्या नमुन्यात त्यांना जागाच नसते. प्रकल्प कोणत्या विद्याशाखेचा, मार्गदर्शक कोणत्या विभागाचा, खर्च कोणत्या शीर्षाखाली, या तीन रकान्यांवर तो अडतो. दोन विद्याशाखांचे सहमार्गदर्शक आणि दोन विभागांत विभागलेला निधी, एवढी सोय अर्जात झाली तरी बरेच काम मार्गी लागेल.

आता मोडीकडे, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांच्या लिपीकडे, वळू. भोसलेकालीन नागपूरचा इतिहास लिहायचा तर मोडी कागद वाचल्यावाचून गत्यंतर नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि उकार यांचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, आणि लेखणी न उचलता ओळच्या ओळ लिहिलेली असते. अक्षर लागले तरी तारीख लागत नाही. पत्रावर ‘सु॥ खमस सबैन मया व अलफ, छ १२ रबिलावल’ असे असते. ‘सु॥’ म्हणजे शुहूर सन, आणि पुढच्या अरबी संख्याशब्दांची बेरीज (५ + ७० + १०० + १०००) ११७५. इसवी सन काढायला शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे साल मृगाला बदलते. म्हणजे हे पत्र १७७४-७५ मधले. मग चांद्रमहिना जंत्रीत पाहून नेमका दिवस काढायचा. महसुली कागद असेल तर फसली सन, तेथे मिळवायचे ते ५९० किंवा ५९१. एक वर्षाची चूक झाली की मोहिमेआधीचे पत्र मोहिमेनंतरचे ठरते आणि त्यावर उभारलेला निष्कर्ष कोसळतो. म्हणून कागदांच्या एकेका रुमालावर (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यावर) महिने जातात, आणि ते जायलाच हवेत.

महानुभाव पंथाच्या पोथ्यांचे काम याहूनही सावकाशीचे. त्यांतल्या अनेक सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत आहेत. आधी लिप्यंतर, मग उपलब्ध सगळ्या प्रतींचे ओळीओळीने मीलन (ताडून पाहणे), पाठभेदांची नोंद, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली याचा माग, आणि त्यानंतर संपादित पाठ. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे आणि मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला आहे. त्या दर्जाचा खरा आधार या पोथ्या आहेत. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीतील संशोधनाच्या गुणांचा तक्ता पाहा. मानव्यविद्येच्या एका शोधनिबंधाला १० गुण आणि राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाच्या संपादनाला ८. वर्षानुवर्षे खपून अशी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती सहा-आठ पानांच्या एका लेखापेक्षा हलकी ठरते. अशा वेळी तरुण प्राध्यापक पोथी उघडेल कशाला? तक्ता केंद्राचा आहे, हे आम्ही जाणतो. पण विद्यापीठाचा अंतर्गत संशोधन निधी, त्याची निवड समिती, पारितोषिके आणि संशोधन केंद्रांची तपासणी येथे राज्याचे म्हणणे चालते. तेथे चिकित्सक आवृत्ती, शब्दसंग्रह, ध्वनिमुद्रणाचा संग्रह, उत्खननाचा अहवाल आणि चाचणी केलेला नमुना यांना स्वतंत्र वजन द्यावे.

ध्वनिमुद्रणाचा उल्लेख मुद्दाम केला. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९.८ लाख नोंदले गेले. भाषा द्राविडी कुळातली, बोली अनेक, आणि विदर्भातल्या गोंडीचे पद्धतशीर मुद्रण अजून फार व्हायचे आहे. मोबाइलवर एमपी३ मध्ये केलेले मुद्रण स्वरांच्या विश्लेषणाला पुरत नाही, कारण फाइल लहान करताना आवाजाचा काही भाग गाळला जातो. डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, तोंडाजवळचा माइक आणि बंद पंखा हवा. नागपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात पंखा बंद करता येत नाही, म्हणून मुद्रण हिवाळ्यात. प्रत्येक फाइलसोबत बोलणाऱ्याचे गाव, वय, इतर भाषा आणि संमतीची नोंद. तासाभराच्या मुद्रणाचे ध्वनिलेखन आणि शब्दशः अर्थ लावायला कित्येक दिवस लागतात. सहामाही संशोधन सल्लागार समितीपुढे ‘किती निबंध छापले’ एवढेच विचारले तर या विद्यार्थ्याकडे उत्तर नसते, आणि काम मात्र भरपूर झालेले असते. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. विद्यापीठांच्या सवयीतून ती अजून गेलेली नाही.

अभिकल्पात तर आधी छापणे हे नुकसानच आहे. अभिकल्प कायदा २००० नुसार नोंदणी मिळाली की दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते, पण रूप नवे हवे, आधी उघड झालेले नको. कापूस वेचणाऱ्या बायांसाठी कमरेवर आणि खांद्यावर भार वाटून घेणारी नवी झोळी कोणी तयार केली, आणि नोंदणीपूर्वीच परिषदेत तिची छायाचित्रे दाखवली, तर नोंदणीचा मार्ग बंद होऊ शकतो. प्रगती अहवालासाठी परिषदेत निबंध वाचणे आवश्यक केल्याने नेमके हेच होते. अभिकल्पाच्या विद्यार्थ्याकडून पहिल्या दोन वर्षांत मोजमापे, नमुने, शेतावरच्या चाचण्या आणि प्रत्येक चाचणीनंतर काय बदलले याची वही मागावी.

मुदतीबद्दल थोडक्यात. पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे. संत्र्याचा डोळा (कलमाची कळी) जंबेरीच्या खुंटावर भरावा की रंगपूर लिंबाच्या, हे फळ आणि डिंक्या रोगाचा प्रतिकार पाहून ठरवायचे, तर कलम लावल्यापासून फळ धरायलाच चार-पाच वर्षे जातात. एका विद्यार्थ्याच्या मुदतीत हे बसणारच नाही. विद्यापीठाने प्रयोगाची बाग स्वतः राखायची आणि एकामागून एक विद्यार्थ्यांनी तिच्यावर काम करायचे, हाच मार्ग. त्यासाठी माळी, कुंपण आणि पाणी यांचा दहा वर्षांचा खर्च एकदाच मंजूर व्हावा.

निधी मार्चअखेर हाती पडला की प्रत्येक विषयाचे वेगळे नुकसान होते. जुनापाणी, माहुरझरीसारखी महापाषाणीय शिलावर्तुळे (प्राचीन दफनांभोवती मोठ्या दगडांची रिंगणे) नागपूरच्या अवतीभवती आहेत, आणि शहर वाढेल तशी ती लेआउट आणि खाणींच्या तोंडी जातात. उत्खननाचा हंगाम नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. मार्चमध्ये आलेल्या पैशातून खणता येत नाही, आणि ३१ मार्चला तो परत जातो. संत्र्याच्या आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येऊन गेलेली असतात. म्हणून निधी जुलैत वितरित व्हावा आणि अखर्चित रक्कम पुढच्या वर्षी वापरण्याची मुभा असावी. उत्खननाच्या मंजुरीत खणण्याइतकीच रक्कम नंतरच्या कामासाठी धरावी. लोखंडी वस्तूंतील क्षार काढणे, खापरांची रेखाटने, कोळशाच्या नमुन्यांचे कालमापन हे सारे खड्डा बुजवल्यावर सुरू होते. अहवाल रखडण्याचे कारण बहुधा येथेच सापडते.

खरेदीबाबत केंद्राने २०२५ मध्ये आपल्या वैज्ञानिक संस्थांना दरपत्रकांशिवाय २ लाख रुपयांपर्यंत आणि खरेदी समितीमार्फत २५ लाखांपर्यंत खरेदीची मुभा दिली. राज्य विद्यापीठांतील संशोधनालाही तशीच मुभा शासन निर्णयाने द्यावी. सर्वांत कमी दराच्या अटीमुळे शुद्धतेची दुसरीच प्रत असलेले रसायन येते आणि सहा महिन्यांचे प्रयोग पुन्हा करावे लागतात. यंत्र घेतानाच पाच वर्षांचा देखभाल करार आणि चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे पद मंजूर करा. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. उणे ८० अंशांचा फ्रीझर वातानुकूलनाविना खोलीत ठेवला तर कॉम्प्रेसर जातो आणि नमुने वितळतात. फ्रीझरबरोबर वातानुकूलन, जनरेटरची जोडणी आणि मोबाइलवर धोक्याची सूचना देणारे उपकरण, हा एकच संच म्हणून खरेदी व्हावा.

विद्यार्थ्यांच्या हातातली रक्कम हा आणखी एक प्रश्न. यूजीसीच्या कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीत आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षे मानव्यविद्येला वर्षाला १०,००० आणि विज्ञानाला १२,००० रुपये मिळतात. द्रावणातले घटक वेगळे करणाऱ्या एचपीएलसी यंत्राच्या एका कॉलमला याहून जास्त पैसे पडतात. गडचिरोलीतल्या भामरागडला भाषेच्या मुद्रणासाठी वर्षातून चार फेऱ्या केल्या तरी ती रक्कम संपते. राज्याने पाठ्यवृत्ती देणाऱ्या आपल्या संस्थांमार्फत, महाज्योतीचे मुख्यालय तर नागपुरातच आहे, क्षेत्रकार्य, नमुना-निर्मिती आणि रसायने असे तीन स्वतंत्र पूरक निधी द्यावेत.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीत मराठी प्रबंधांवर उघड अन्याय होतो. नियमानुसार १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, आणि श्रेय देऊन केलेली अवतरणे व संदर्भसूची मोजायची नाहीत. प्रत्यक्षात संतसाहित्यावरच्या प्रबंधातले अभंग आणि ओव्या सॉफ्टवेअर मोजते आणि ग्रंथालय तोच आकडा प्रमाणपत्रावर उतरवते. उलट जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला प्रबंध सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही. पीडीएफमधून त्याला निरर्थक रोमन अक्षरे मिळतात आणि साम्य शून्याच्या जवळ येते. चोरलेला प्रबंध सहज पुढे जातो, प्रामाणिक अडकतो. युनिकोडमधलाच प्रबंध स्वीकारावा आणि साम्य अहवाल विषयतज्ज्ञाने ओळ न् ओळ पाहून सही करावा, असा आदेश एका परिपत्रकाने निघू शकतो.

राहिला प्रश्न माणसांचा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, तेही पूर्णवेळ नियमित असेल तर. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला मार्गदर्शक होता येत नाही. एक सहायक प्राध्यापकाचे पद रिकामे राहिले की चार जागा त्या विषयातून नाहीशा होतात. पाली, भाषाशास्त्र, पुरातत्त्व यांसारख्या लहान विभागांत निवृत्त झालेल्या एका माणसाबरोबर अख्खा विषय बंद पडू शकतो. पदभरतीचा क्रम लावताना विद्यार्थिसंख्येबरोबरच हेही पाहावे : ज्या विभागात एकच नियमित शिक्षक उरला आहे, तेथले पद आधी भरावे. या अधिवेशनात अशा विभागांची विद्यापीठनिहाय यादी आपण पटलावर ठेवावी, ही आमची विनंती आहे.

आपले,
मानव्यविद्या, अभिकल्प व विज्ञान शाखांतील संशोधक आणि मार्गदर्शक,
नागपूर