घरच्या सोयाबीन बियाण्याच्या विक्रीबाबत सभासदांना सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 च्या कलम 39 नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतात पिकलेले बियाणे, ते संरक्षित वाणाचे (म्हणजे या कायद्याखाली नोंदणी झालेल्या वाणाचे) असले तरीही, राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. मात्र ते पिशवीत भरून, त्यावर संरक्षित वाणाचे लेबल लावून विकता येत नाही. मागील हंगामात काही सभासदांनी घरचे सोयाबीन कंपनीच्या रिकाम्या छापील पिशव्यांत भरून दिले. हेतू गोणी वाचविण्याचाच होता, परंतु कायद्याला नेमके हेच मान्य नाही. यापुढे साधी, कोरी गोणीच वापरावी.

बियाणे देण्यापूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत व 70 पेक्षा कमी दाण्यांना चांगले कोंब आल्यास ते पेरणीसाठी देऊ नये. सोयाबीनचे साल नाजूक असते, त्यामुळे पोती आपटू नयेत. लागवडीस मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील (तणनाशक फवारले तरी न मरणाऱ्या) कापसाचे बियाणे या हक्काच्या आड कोणीही विकू नये.